नाकाचं हाड वाढलंय, म्हणे

आमच्या पेठेत निम्म्या लोकांच्या नाकाचं हाड वाढलेलं आहे. निदान ते तसं सांगतात. मीही सतरा वर्षं तेच सांगत होतो. लग्न ठरवताना बायकोला सांगितलं, दाताच्या डॉक्टरांना सांगितलं, कारखान्यात धुळीच्या कामावरून सुट्टी मागताना सांगितलं. तोंडात बसलेलं वाक्य होतं, त्यामुळे ते खरं आहे का हे तपासावंसं कधी वाटलं नाही.

मुळात झालं होतं ते असं. फेब्रुवारी २००६, गांधी मैदान, संध्याकाळचा फुटबॉलचा सराव. मी बॅकला खेळायचो. कॉर्नर आला, मी हेडला उडालो, आमचाच गोलकीपर बॉल ठोसायला पुढं आला आणि त्याचं कोपर माझ्या नाकावर बसलं. विरुद्ध टीमनं पाडलं असतं तर निदान सांगायला अभिमान वाटला असता. वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज मला कानानं नाही, डोक्याच्या आतून ऐकू आला. मग घोळणा फुटला, आणि असा फुटला की बनियनपर्यंत लाल.

पुढं जे झालं ते कोल्हापुरातल्या कुठल्याही मैदानावर झालं असतं. एकानं माझी मान मागं धरली, दुसऱ्यानं डोक्यावर बाटली ओतली, तिसरा वडापावच्या गाड्यावरून कांदा घेऊन आला आणि हुंगवायला लागला. मान मागं गेल्यानं सगळं रक्त घशातून पोटात. घरी पोचलो आणि भडभडून रक्ताचीच उलटी झाली. आईनं ती बघितली आणि ती खाली बसली. आज मला माहीत आहे की मान पुढं झुकवायची, तोंडानं श्वास घ्यायचा आणि नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत दहा-पंधरा मिनिटं न सोडता धरायचा. दर मिनिटाला सोडून 'थांबलं का' बघायचं नाही. एवढं साधं आहे ते. कांदा चुलीवरच बरा.

दुसऱ्या दिवशी दोन्ही डोळ्यांखाली काळंनिळं. ओळखीच्या एका वस्तादांनी अंगठ्यानं दाबून 'सरळ' केलं. मग एका दवाखान्यात एक्स-रे काढला. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली, "बारीक चीर आहे, भरून येईल," म्हणाले आणि दुखण्याच्या गोळ्या दिल्या. माझ्या नाकाच्या आत त्यांनी बॅटरी मारून बघितलं नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण मलाही नाक म्हणजे बाहेर दिसतं तेवढंच वाटायचं. सूज पाचव्या-सहाव्या दिवशी उतरली आणि वडील जेवताना म्हणाले, "तुझं नाक गंगावेशीकडं बघायला लागलंय." सगळे हसले. मीपण हसलो. सीझन संपल्यावर दाखवू म्हटलं.

सीझन मे महिन्यात संपला. तोवर हाडं होती तिथं जुळून पक्की झाली होती.

हे दिवसांचं गणित मला सतरा वर्षांनी कळलं. नाकाचं हाड सरकलं असेल तर सूज उतरल्यावर, साधारण पहिल्या सात ते चौदा दिवसांत, ते न कापता जागेवर आणता येतं. लहान मुलांत याहून लवकर, कारण त्यांची हाडं भराभर जुळतात. एक्स-रेवरून नाकाचं फारसं ठरत नाही. बोटानं चाचपून आणि आत बघून ठरतं. आणि आत बघायचं असतं ते हाडासाठी नाहीच, दोन नाकपुड्यांच्या मधल्या पडद्यासाठी.

हा पडदा काय प्रकार आहे ते मला ज्या कान-नाक-घसा डॉक्टर मॅडमनी समजावलं, त्यांनी बरोब्बर कोल्हापूरचं उदाहरण दिलं. "तालमीतल्या पैलवानांचे कान बघितलेत ना?" कोण नाही बघितले? खासबागेत कुस्ती बघायला बसलं की पुढच्या रांगेत सगळे तसलेच कान, गोळा झालेले. आपल्याकडं तो मान आहे. मॅडम म्हणाल्या, कान कूर्चेचा, म्हणजे मऊ, लवचिक हाडाचा असतो, आणि कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, ती वरच्या आवरणातून पोसली जाते. कान रगडला की त्या दोघांच्या मध्ये रक्त साचतं, कूर्चा उपाशी पडते आणि कानाचा गोळा होतो. नाकाचा पडदा पुढच्या बाजूला त्याच कूर्चेचा. मार बसल्यावर तिथं रक्त साचलं आणि पहिल्या एक-दोन दिवसांत ते काढलं नाही, तर कूर्चा मरते किंवा तिथं पू होतो. फरक इतकाच की कान फुगतो आणि नाक बसतं, घोड्याच्या खोगिरासारखं मधून खाली. माझं नाक बसलं नाही, नुसतं वाकलं. "नशीब म्हणा," मॅडम म्हणाल्या. त्या जागी मला 'नशीब' हा शब्द जरा जास्तच वाटला, पण खोटा नव्हता.

मधली वर्षं थोडक्यात सांगतो, कारण ती माझ्यासाठी एकसारखीच गेली. उजवी नाकपुडी जवळजवळ बंद. सकाळी उठलं की जीभ टाळूला चिकटलेली. बायको उशी घेऊन पुढच्या खोलीत. एप्रिल-मेमध्ये ऊन तापलं की महिन्यातून दोनदा घोळणा. उद्यमनगरात लेथवर काम, त्यात शेजारी ग्राइंडिंग, म्हणजे रात्री नाकातून काळा शेंबूड. आणि खिशात ती थेंबांची बाटली.

त्या बाटलीबद्दल थोडं बोलायलाच पाहिजे. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळायची, दोन थेंब टाकले की मिनिटभरात दार उघडल्यासारखं नाक मोकळं. झायलोमेटाझोलिन हे तिच्यातलं औषध. ते आतल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आकसवतं. तीन ते पाच दिवसांच्या वर वापरायचं नसतं, असं बाटलीबरोबरच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं. मी चार वर्षं वापरलं. पुढं पुढं असं व्हायचं की थेंबांचा असर उतरला की नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदायचं, म्हणून परत थेंब. दारूच्या माणसाला आपण नावं ठेवतो. मी गणपतीच्या मिरवणुकीतून बाटली आणायला अर्ध्यात घरी आलोय.

डॉक्टरकडं मी गेलो ते श्वासासाठी नाही. २०२२ च्या पावसाळ्यात एकदा घरात मी एकटाच होतो, चहा करून कामाचे कागद घेऊन स्वयंपाकघरातच बसलो होतो. आई देवळातून आली आणि उंबऱ्यातूनच ओरडली, "आरं, गॅस! गॅस सुटलाय की!" चहा उतू जाऊन शेगडी विझली होती आणि मी शेजारी बसून हिशोब करत होतो. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचा घाण वासाचा पदार्थ मुद्दाम घालतात. माझ्यासाठी तो घातला काय, न घातला काय. त्या रात्री आईनं एकच विचारलं, "तुला वासच येत नाही व्हय रं?" मी म्हटलं, येतो की, कमी येतो. मग तिनं हळद, जिरं आणि हिंगाचे डबे डोळे मिटून हुंगायला लावले. हिंग ओळखला. बाकी दोन्ही चुकले.

मॅडमनी पहिल्या भेटीत पाच प्रश्नांचा कागद दिला. त्याचं नावच 'नोज'. नाक चोंदणं, अडकणं, श्वासाला त्रास, झोपेला त्रास, आणि चालता-पळताना नाकानं हवा पुरते का. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, बेरजेला पाचानं गुणायचं, म्हणजे शंभरपैकी हिशोब. माझे ऐंशी. दहावीत एवढे मिळाले नव्हते. मग त्यांनी माझा गाल बोटानं बाहेरच्या बाजूला ओढला आणि श्वास घ्यायला सांगितलं. उजवीकडनं एकदम हवा आत. नाकपुडीच्या तोंडाशी जी सगळ्यात अरुंद फट असते तिथंच अडकतंय, हे त्यातून कळतं म्हणे. मग बधिर करणारा फवारा, बारीक दुर्बीण, आणि समोरच्या स्क्रीनवर माझं नाक.

सतरा वर्षं ज्याला मी वाढलेलं हाड म्हणत होतो तो उजवीकडं धनुष्यासारखा वाकलेला पडदा होता. मागं डावीकडं त्याला एक टोकदार कंगोरा. डावीकडं जागा जास्त झाली म्हणून तिकडची मांसल गादी, टर्बिनेट, फुगून ती जागा भरून बसलेली. म्हणजे एका बाजूला पडदा आडवा, दुसऱ्या बाजूला गादी. मी कारागीर माणूस. मला ते चित्र बघून लगेच पटलं. शाफ्ट वाकला की बेअरिंग दुसऱ्या बाजूनं झिजतंच.

ऑपरेशन लगेच नाही केलं, हे मला आवडलं. आधी थेंब सोडवले. एका नाकपुडीचे बंद, दुसरीचे चालू. ती सावरली की दुसरीचेही बंद. बरोबर स्टिरॉइडचा फवारा, ज्याचा असर दिसायला आठवडा-दोन आठवडे जातात. पहिल्या पाच रात्री मी खुर्चीत बसून काढल्या. नाकी नऊ येणं म्हणजे काय ते मला त्या आठवड्यात कळलं. सहा आठवड्यांनी गादीची सूज बरीच उतरली, पण पडदा काही औषधानं सरळ होत नाही. सीटी स्कॅन झाला आणि जानेवारी २०२३ ची तारीख ठरली. विम्याचं एक सांगून ठेवतो: माझ्या पॉलिसीत पडद्याच्या ऑपरेशनला दोन वर्षांची थांबायची अट होती, ती सुदैवानं उलटून गेली होती. आणि श्वासासाठीचं ऑपरेशन विम्यात बसतं, दिसण्यासाठीचं नाही. बाहेरून नाक सरळ करायचं का, असं मॅडमनी विचारलं होतं. मी नको म्हटलं. त्या वाकड्या नाकानं लग्न जमलंय.

दूध कट्ट्यावर ही बातमी पोचली आणि "भावा, नाक कापून घ्यायला निघालास?" सुरू झालं. त्यात पुढं कोण, तर ज्याचं कोपर लागलं तोच. मी त्यांना कावसजीची गोष्ट ऐकवली. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा हा माणूस टिपूच्या सैन्याच्या हाती लागला, त्याचं नाक कापलं गेलं, आणि पुण्याजवळ एका वीटभट्टीवाल्या जातीच्या कारागिरानं कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. १७९४ साली लंडनच्या मासिकात ते चित्रासकट छापून आलं आणि तिकडचे सर्जन त्यावरून शिकले. कट्ट्यावर क्षणभर शांतता. मग एकजण म्हणाला, "पण पुण्याचं कशाला सांगतोस?"

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन, दीडेक तास. काप आतून, बाहेर व्रण नाही. वाकलेला भाग काढताना वरची आणि पुढची सेंटिमीटरभर रुंदीची पट्टी राखून ठेवतात, इंग्रजी एल अक्षरासारखी, कारण नाकाचा सगळा तोल तिच्यावर. हे मॅडमनी आदल्या दिवशी कागदावर काढून दाखवलं तेव्हा मी निर्धास्त झालो. जास्त मटेरियल काढलं की भिंत बसते, हे मला रोज मशीनवर दिसतं.

दुखलं किती? सगळे हेच विचारतात. दुखत नाही फार. छळतं ते दुसरंच. दोन्ही नाकपुड्यांत बोळे, दोन दिवस. गिळताना कानात दडे बसतात, प्रत्येक घास गिळला की डोक्यात 'पक्'. तोंड कोरडं ठक्क. डोळ्यांतून सारखं पाणी, कारण डोळ्यांतलं पाणी नाकात उतरायची वाटच बंद. भेटायला येणाऱ्यांना वाटायचं मी रडतोय. तिसऱ्या दिवशी बोळे काढले, तेव्हा एवढं सगळं माझ्या डोक्यात कुठं मावलं होतं असं वाटलं. आत सिलिकॉनच्या पट्ट्या होत्या, त्या आठव्या दिवशी काढल्या. वरच्या पुढच्या दातांमागची हिरडी महिनाभर बधिर होती. हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरलो नाही.

पट्ट्या निघाल्यावर पहिला श्वास घेतला तो असा थंड आत गेला की मी दचकलो. हवेला थंडपणा असतो हे मी विसरलो होतो. घरी येताना रंकाळ्यावर उगाच थांबलो आणि तोंड मिटून उभा राहिलो.

आणि चार दिवसांनी नाक परत चोंदलं. मी फोनवर जवळजवळ भांडलोच. मॅडम म्हणाल्या, "सूज आहे, खपल्या आहेत. सहा आठवडे थांबा, खरा हिशोब सहा महिन्यांनी." तसंच झालं. मधल्या काळात शिंकायचं तर तोंड उघडं ठेवून, दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, उशाला दोन उशा, कढत चहा आणि तांबडा रस्सा बंद. यातलं शेवटचं घरच्यांना सगळ्यात कठोर वाटलं. मैदानावर दोन महिने पाय ठेवला नाही.

खपल्यांवर उपाय म्हणजे मिठाच्या पाण्यानं धुणं. हे मी आजही रोज रात्री कामावरून आलो की करतो. पाव लिटरपेक्षा थोडं कमी पाणी, अर्धा छोटा चमचा मीठ, चिमूटभर खायचा सोडा. बेसिनवर पुढं झुकायचं, तोंड उघडं, एका नाकपुडीतून घालायचं ते दुसरीतून येतं. पाणी उकळून थंड केलेलंच, नळाचं थेट कधीच नाही. नळाच्या पाण्यातले जीव पोटात जाऊन मरतात, नाकातून वर गेले तर क्वचित जीवघेणे ठरतात. आपले लोक 'जलनेती' म्हणून हे पिढ्यान्‌पिढ्या करतात, पण पाण्याचं एवढं कुणी सांगत नाही. बाटलीही धुऊन, वाळवून ठेवायची. फवारा उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हातानं उजवीत, फवाऱ्याचं तोंड डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडं. पडद्यावर मारत राहिलं की तिथंच घोळणा फुटतो. उन्हाळ्यात नाकपुडीच्या तोंडाशी व्हॅसलीनचं बोट, आत खोल नाही. आईला नाकात तूप सोडायचं होतं. जखम भरेपर्यंत थांब, असं तिला तीनदा समजवावं लागलं. ग्राइंडिंगच्या बाजूला जाताना मास्क. पोरं हसतात, हसू देत.

गेल्या वर्षी भाचा शाहू स्टेडियमवरून नाक धरून घरी आला. मी आधी मोबाईलच्या उजेडात दोन्ही नाकपुड्या बघितल्या. मधल्या पडद्यावर जांभळट, मऊ फुगवटा आहे का, आणि नाकातून पाण्यासारखं पातळ काही सतत गळतंय का, हे दोन. तसलं पाणी मेंदूभोवतीचं असू शकतं. दोन्ही नव्हतं, तरी रात्रीच दाखवून आणलं, कारण फुगवटा दुसऱ्या दिवशीही येऊ शकतो. सूज उतरल्यावर सहाव्या दिवशी परत नेलं, हाड जागेवर बसवून घेतलं. त्याची आई मला म्हणाली, "दादा, एवढं काय!" मी काही बोललो नाही.

वासाचं मात्र मॅडमनी आधीच स्पष्ट केलं होतं. हवा वरपर्यंत पोचत नाही म्हणून जाणारा वास परत येऊ शकतो. पण कपाळाच्या मुळाशी चाळणीसारखं हाड असतं, त्यातून वासाचे धागे खाली उतरतात, ते मार लागताना तुटले असतील तर इतक्या वर्षांनी भरवसा नाही. माझ्यात दोन्ही थोडं थोडं असावं. त्यांनी चार वास दिले: गुलाब, नीलगिरी, लिंबू, लवंग. सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक वीस सेकंद, किमान तीन महिने, आणि हुंगताना तो वास आठवायचा. गुलाबाचं अत्तर मी महाद्वार रोडवरून आणलं. पहिले सहा आठवडे चारही बाटल्यांत नुसती हवा. मग लवंग आली, तीपण वास म्हणून नाही, टोचणी म्हणून. लिंबू एका सकाळी अचानक. पुढच्या डिसेंबरात शिये रस्त्यानं जाताना गाडी थांबवावी लागली, कारण गुऱ्हाळाचा वास आला होता, उकळत्या काकवीचा, आणि मला वाटलं मी मनात आठवतोय. मनात नव्हता. गुलाब अजून येत नाही. गॅसचा वास येतो, पण सगळ्यांच्या नंतर, म्हणून शेगडीजवळ गळतीचा भोंगा बसवलाय.

आता चटणीचं सांगतो. आमच्याकडं एप्रिलमध्ये वर्षाची चटणी होते. मिरच्या उन्हात, मग धने, तीळ, खोबरं, मसाले भाजणं, मग कांडप. दरवर्षी आई भाजणीचं ताट माझ्या नाकाखाली धरायची, "बघ, कसं झालंय?" आणि मी म्हणायचो, "झकास." २००६ पासून दरवर्षी झकास. २०२४ च्या एप्रिलात तिनं ताट धरलं. मी मास्क खाली केला, हुंगलं, परत हुंगलं.

"आई, खोबरं जरा करपलंय."

तिनं ताट स्वतःच्या नाकाखाली नेलं, माझ्याकडं बघितलं, परत ताटाकडं बघितलं. मग आत जाताना म्हणाली, "एवढी वर्षं गप खाल्लास, तेच बरं होतं."